‘टीएल’च्या पुढचे रकाने

आरोग्य खात्यात रजिस्टरं, फॉर्म आणि मासिक अहवालांचे नमुने आखणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यापैकी कुणाला भेटलेले नाही. तुमची आखणी मात्र मला तीस वर्षं रोज भेटत होती. मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रावर मी एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका होते, आता निवृत्त झाले. गावातल्या बायका मला सिस्टर म्हणत, काही जणी नुसतंच बाई म्हणत. मी त्यांना बघायचे ते तुम्ही आखलेल्या रकान्यांतून. रकाना असेल तेवढं विचारायचं, रकाना नसेल ते ऐकून सोडून द्यायचं, अशी हाताला सवयच लागते. ती सवय मोडायला मला फार उशीर झाला, म्हणून पाळी जायच्या वयातल्या बायकांबद्दल हे पत्र.

पात्र जोडप्यांचं रजिस्टर घ्या. बायको १५ ते ४९ वयाची असेल तर जोडपं पात्र. नाव, वय, मुलं किती, शेवटचं मूल केवढं, कुटुंब नियोजनाचं साधन कोणतं. आमच्याकडे चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी मुलं बंद करायचं ऑपरेशन होऊन जातं. झालं की नावापुढे लाल पेनने ‘टीएल’, म्हणजे बाईची नसबंदी, आणि तारीख. त्यानंतर त्या ओळीत लिहिण्यासारखं काही उरत नाही. नवीन रजिस्टर आलं की तीच ओळ पुन्हा उतरवायची, तेच टीएल, तीच तारीख, आणि पुढे सरळ रेघ. ४९ पूर्ण झाली की पुढच्या रजिस्टरात नावच घ्यायचं नाही. मी कित्येक बायकांची ओळ अशी वीस-वीस वर्षं उतरवली आहे. त्या रेघेच्या आत त्यांचं काय चाललं होतं, ते माझ्या एकाही अहवालात नाही.

एक दिवस मला पक्का आठवतो. जानेवारीतलं लसीकरणाचं सत्र, अंगणवाडीच्या पडवीत. थंडी अशी की पोरं नाकं ओढत होती, बायका पदर कानावरून घेऊन बसलेल्या. एक आजी नातवाला मांडीवर घेऊन होती. आजी म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीसची. आमच्याकडे या वयात नातवंडं खेळवायला येतात. बसल्या बसल्या तिची मान लाल झाली, मग गाल, मग कपाळावर घामाचे थेंब. तिने डोक्यावरचा पदर काढला आणि नातवाचं माता-बाल कार्ड घेऊन त्याने वारा घ्यायला लागली. दोन-तीन मिनिटांनी ओसरलं, तेव्हा तिलाच हुडहुडी भरली आणि तिने पदर परत गुंडाळला. 

“बाई, अशा वाफा निघत्यात अंगातून. रातीला तर वाकळ भिजती. बीपी असंल का?”

बीपी घेतलं. नव्हतं. “बीपी नाही तुम्हाला,” एवढं सांगितलं आणि पुढच्या पोराचा डोस भरायला घेतला. ज्या कार्डाने ती वारा घेत होती त्यावर तिच्या सुनेचं हिमोग्लोबिन होतं, वजन होतं, इंजेक्शनांच्या तारखा होत्या, नातवाच्या वाढीची रेघ होती. आजीचं काही लिहायला जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर जागा असती तरी काय लिहायचं हे मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या दीड वर्षाच्या ट्रेनिंगमध्ये बाळंतपण वहीभर होतं, रजोनिवृत्ती अर्ध्या पानात उरकली होती.

मला ते कळलं माझ्यावर आल्यावर. पंचेचाळीस पूर्ण झाली आणि पाळी बिघडली. कधी वीस दिवसांनी, कधी पन्नास दिवसांनी, आणि आली की जाता जाईना. गाठी पडायच्या. मासिक मीटिंगला गडद रंगाची साडी नेसायची, आत दोन पॅड आणि वर जुन्या लुगड्याची घडी, आणि खुर्चीवरून उठताना आधी मागे हात फिरवून बघायचं. रात्री तीनला टक्क जाग. मुलाने चहाचा कप जरा आपटला तरी मी रडायचे, आणि रडताना मनात हसूही यायचं की हे काय चाललंय. एकदा जिना चढताना धाप लागली म्हणून उपकेंद्रातच स्वतःचं बोट टोचून घेतलं. हिमोग्लोबिन साडेसात. गावभर लोहाच्या गोळ्या वाटणारी मी!

तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी फिल्म दिव्याकडे धरली. “गर्भाशयाच्या पिशवीला सूज आहे. मुलं झालीत ना? मग ठेवायची कशाला, काढून टाकू. नाहीतर उद्या कॅन्सर झाला म्हणून याल.” पाच मिनिटं लागली असतील. आणि मी, सिस्टर असून, मान डोलावून बाहेर आले होते. तारीखही घेतली होती.

वाचले ती दुसऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंमुळे. त्यांनी आधी बसवून विचारलं, की पाळी किती दिवस चालते, गाठी केवढ्या, घाम कधी येतो, झोप कशी. मग पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, थायरॉईड तपासलं, लोह सुरू केलं. तुकड्यात काही निघालं नाही. रक्त जास्त जाईल त्या दिवसांपुरत्या ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या, आणि त्यांनी पुरेसं भागेना तेव्हा पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवली. तीन वर्षांत पाळी आपोआप गेली. पिशवी अजून जागेवर आहे, तिचा मला काही त्रास नाही.

त्यांनी मला जे समजावलं ते मी पुढे आशाताईंना माझ्या भाषेत सांगायचे. शेतात लाइट एकदम जात नाही, आधी दाब कमी-जास्त होतो. मोटर जळते ती त्या कमी-जास्तीनं. पाळी जायच्या आधीची चार-सहा-आठ वर्षं तशीच. अंडाशयातून स्त्रीबीज दर महिन्याला बाहेर पडेनासं होतं. ते पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेन एकटंच पिशवीचं अस्तर वाढवत राहतं. मग ते जाड अस्तर एकदाच कोसळतं, त्याच त्या गाठी. इस्ट्रोजेनही हळूहळू उतरत नाही, एक महिना भरपूर, पुढचा महिना तळाला. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी जागा या हेलकाव्यांनी हळवी होते, जराशा उष्णतेलाही ‘फार गरम झालं’ समजून घाम सोडते. म्हणून जानेवारीत वाफा. सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच ती गेली म्हणायचं. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी ५१ ला होतं, आपल्याकडे ४६-४७ ला, म्हणजे दाब कमी-जास्त व्हायला चाळिशीतच सुरुवात होते. आणि ते बारा महिने पुरे होईपर्यंत दिवसही राहू शकतात, हे ज्यांच्या नावापुढे टीएल नाही त्यांना कुणी सांगत नाही. चव्वेचाळीसाव्या वर्षी “पाळी जातीय” म्हणून पाच महिने गप्प बसलेली बाई मी गरोदर म्हणून नोंदवली आहे. तिला लगेच रकाना मिळाला, हेही सांगते.

आता कोयत्याकडे येते, कारण आमच्या भागात त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

दिवाळी झाली की आमची निम्मी गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि चार-पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. फडात संडास नाही, राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत मोरी नाही, पाणी लांब. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतून. अशात जिला महिन्यातले दहा दिवस अंगावर जातं तिने काय करावं? तिने पिशवी काढली. बाईच्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती, पण ‘कॅन्सर होईल’ हे वाक्य बऱ्याच ठिकाणी बोललं गेलं, आणि पुढच्या हंगामाची उचल त्या ऑपरेशनवर गेली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातलं हे प्रकरण गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहात एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

त्यानंतर बरंच झालं, ते नाकारत नाही. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच प्रकारांवर आरोग्य कार्यकर्ते डॉ. नरेंद्र गुप्ता यांची २०१३ पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका होती. गरज नसताना पिशवी काढली जाऊ नये म्हणून केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करायला सगळ्या राज्यांना सांगितलं. चांगलं झालं. पण ही सारी चर्चा पिशवी काढावी की काढू नये, एवढ्यावरच येऊन थांबते. ज्यांची काढून झाली त्यांचं पुढे काय?

आमच्याच गावातली एक. तेहेतिसाव्या वर्षी पिशवी काढली. चार वर्षांनी हापशावरून घागर आणताना पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. सदतीस वर्षांची धडधाकट, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई. मी भेटायला गेले. बोलता बोलता निघालं की ऑपरेशननंतर महिनाभरातच वाफा सुरू झाल्या होत्या, झोप गेली होती, नवऱ्याजवळ जाणं नको झालं होतं, लघवीला सारखी जळजळ. जळजळीला मीच तिला वर्षात चार वेळा नॉरफ्लॉक्सासिन, म्हणजे जंतू मारायचं औषध दिलं होतं. चार वेळा! एकदाही विचारलं नाही की हे परत परत का होतंय. मी तिला विचारलं, अंडाशय ठेवलेत का काढलेत? ती माझ्याकडे बघत राहिली. “सगळं साफ केलं म्हणाले.” ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. त्यावर दवाखान्याचा शिक्का, तारीख, औषधांची नावं आणि ऑपरेशनचं इंग्रजी नाव. अंडाशयांचं अवाक्षर नाही.

हा फरक बारीक नाही. नुसती पिशवी गेली आणि अंडाशय राहिले, तर पाळी थांबते पण हार्मोन चालू राहतात. काही जणींत तेही दोन-चार वर्षं आधीच थकतात, आणि पाळीची खूणच नसल्यामुळे बाईला कळत नाही की आता आपली पाळी जायचं वय चालू झालं. अंडाशयही काढले, तर दाब कमी-जास्त वगैरे काही नाही, थेट फ्यूज उपटलेला. आदल्या दिवशी तेहेतीस, दुसऱ्या दिवशी हार्मोनच्या हिशेबाने पन्नाशीपार. हाडं झिजायला तेव्हापासून सुरुवात, हृदयाचा धोका तेव्हापासून. एवढ्या लवकर अंडाशय गेलेल्या बाईला, स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्यांसारखं काही आड येत नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत, हार्मोन बाहेरून द्यावेत असं जगभरचे तज्ज्ञ सांगतात. पिशवी नसेल तर नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, पिशवी असेल तर अस्तर वाढू नये म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं. एवढं साधं आहे. आमच्या त्या बाईला ते कुणी दिलं नाही. मिळाल्या त्या कॅल्शियमच्या गोळ्या, त्याही मोडल्यावर.

हार्मोन म्हटलं की तालुक्याचे डॉक्टरही हात मागे घेतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून स्तनाचा कॅन्सर आणि गुठळ्यांचा धोका पुढे आला, तेव्हापासूनचा हा धसका. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं हे मात्र कुणी सोबत सांगत नाही. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, नीट तपासून दिलं तर बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त, हे त्यानंतर स्पष्ट झालेलं आहे. सगळ्यांनी घ्यावं असं मी म्हणत नाही. मी स्वतः घेतलं नाही, मला तेवढा त्रास राहिला नव्हता. पण नको म्हणायला आधी कुणीतरी विचारायला तर हवं.

आता तुमच्या कामाचं.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई घरोघरी भरतात. बीपी, साखर आणि कॅन्सरची चाचपणी करणारा. तो फॉर्म चांगला आहे. त्यात बायकांसाठी प्रश्न आहेत, छातीत गाठ आहे का, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, पाळी गेल्यानंतर रक्त जातं का. हा शेवटचा प्रश्न तर सोन्यासारखा आहे. “बाई, परत तरणी झाले, पाळी सुरू झाली,” असं हसत सांगणाऱ्या चौपन्न वर्षांच्या एकीला मी त्या प्रश्नामुळेच त्याच आठवड्यात जिल्ह्याला पाठवलं, आणि पिशवीतला आजार वेळेत सापडला. पण बघा, आमच्या कागदांत रजोनिवृत्तीचा शब्द येतो तो एवढ्यापुरताच, कॅन्सरचा संशय म्हणून. पाळी गेली कधी, आपोआप गेली की ऑपरेशनने, हे विचारणारी ओळ नाही. ती घाला. तिच्याखाली दुसरी ओळ, पिशवी काढली असेल तर अंडाशय आहेत, काढले की माहीत नाही. तिसरी ओळ झोपेची. गरम वाफांबद्दल थेट विचारलं तर आमच्या बायका “तेवढं चालायचंच” म्हणतात, पण “रात्री किती वेळा उठता?” म्हटलं की बोलायला लागतात. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

आणि ओळ घातलीत तर तिच्या भरणीचे पैसे आशाताईला द्या. फुकटचा रकाना घरी बसून भरला जातो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

खासगी असो की सरकारी, पिशवीचं ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने घरी सोडतानाच्या कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं पाहिजे: काय काढलं, काय ठेवलं, का काढलं. ऑपरेशनआधी परवानगी घ्यायचे नियम झाले तसा हाही नियम करता येईल, त्याला इमारत लागत नाही की यंत्र लागत नाही.

औषधांचं थोडक्यात. जळजळीवर आणि कोरडेपणावर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं मलम आणि जास्त रक्त जाण्यावरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागणीपत्रात कायमच्या असू द्या. रक्त, थायरॉईड आणि साखर एकाच वेळी तपासली जाऊ द्या. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींचं रक्त कमी आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ५४.२ टक्के, आणि थायरॉईड मंदावलं तरी थकवा, वजन, चिडचिड अगदी सारखीच. एकीला दुसरीचं औषध जातं ते यामुळे. जिल्ह्याच्या गावी यासाठी वेगळी ओपीडी काढायचा विचार असेल तर जरूर काढा. पण एसटीने दोन तास जाऊन, दिवसाची मजुरी बुडवून, घरी काय सांगून निघायचं, या अडचणी तिच्या दारात आधीच उभ्या असतात. तिची पहिली विचारपूस उपकेंद्रातच व्हायला हवी, आणि दार लावून. आमच्या उपकेंद्राच्या तपासणीच्या खोलीचं दार मी निवृत्त झाले तेव्हाही लागत नव्हतं.

नवऱ्यांचं एक राहिलं. पुरुषांच्या बैठका आपण घेतो त्या नसबंदीपुरत्या, त्याही कागदोपत्री. एका घरी बाई रात्र रात्र जागते, भांडी फेकते म्हणून तिला देवऋषाकडे नेलं होतं. मी नवऱ्याला ओट्यावर बसवून मोटरीचा आणि दाबाचा दाखला दिला. तो शेतकरी माणूस, त्याला पटकन कळलं. म्हणाला, “मग आधी सांगायचं की बाई. मी म्हटलं डोक्यात फरक पडला.” त्याला आधी कुणी सांगायचं होतं, हा प्रश्न मी तुमच्याकडे पाठवते.

निवृत्तीच्या आधीची तीन वर्षं मी शंभर पानी वहीत पट्टीने माझे स्वतःचे रकाने आखले. नाव, वय, शेवटची पाळी, आपोआप की ऑपरेशन, अंडाशय, रात्री किती वेळा जाग. टीएलची तारीख घेतली नाही, ती रजिस्टरात होतीच. ज्यांची पिशवी काढली होती त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणींच्या नावापुढे अंडाशयाच्या रकान्यात ‘माहीत नाही’ आहे. पहिलं नाव त्या जानेवारीतल्या आजीचं घेतलं. आता ती साठीकडे आली, वाफा थांबल्या, पाठीत जरा बाक आलाय.

चार्ज देताना ती वही मी नव्या सिस्टरच्या हातात दिली. चुणचुणीत मुलगी आहे. तिने पानं उलटली आणि विचारलं, “मॅडम, हे कोणत्या अहवालात भरायचं?” मी म्हटलं, वर विचारून सांगते, तोपर्यंत याच वहीत लिही.

तुमची नम्र,
एक निवृत्त एएनएम